ताई म्हणाली म्हणून

धाकटी मॅच खेळून आली आणि सोफ्यावर आडवी झाली. “कुणाचं तरी कोपर लागलं डोक्याला, विशेष काही नाही. ताई, तो दिवा बंद करतेस? डोळ्यांत खुपतोय.”

थोरली ताडकन उठली. “आई, हिला आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे नेऊया. ही मला ताई म्हणाली!”

“मग चांगलंच आहे की! त्यासाठी वर्षानुवर्षं घसा कोरडा केलाय मी.”

“अगं, ‘म्हशे’शिवाय हाक मारते का ही मला कधी?”

“मेंदूला धक्का बसलाय,” डॉक्टर म्हणाल्या. “बरं झालं, लगेच आणलंत. आता नुसती विश्रांती.”

काही दिवसांनी आतल्या खोलीतून आवाज आला, “ए म्हशे, माझा चार्जर परत ढापलास ना?”

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. “बाळा, पुन्हा एकदा म्हण.”