सात किलो

सकाळी सव्वासातला शिरसाठ सिस्टर हाडांच्या वॉर्डात शिरल्या आणि नऊ नंबरच्या खाटेपाशी थबकल्या. मामींच्या मोडक्या पायाला ताण देणारं सात किलोचं वजन पुन्हा स्टुलावर टेकवलेलं होतं. पाच दिवसांतली ही चौथी वेळ.

"केरबामामा, किती वेळा सांगायचं?" त्यांनी खाटेशेजारी उभ्या असलेल्या मामींच्या नवऱ्याला विचारलं.

"पहाटेपासनं इवळतीय हो ती. मार्केट यार्डात चाळीस वर्षं हमाली केली मी. ओझं लटकलेलं दिसलं की हात आपोआप त्याच्या खाली जातो."

"ओझं नाही ते, औषध आहे! त्याच्याच ओढीनं मांडीचं हाड जागेवर येणार. मामींचं हृदय अधू, ऑपरेशन झेपायचं नाही. तुमच्या मायेपायी पाय आखूड राहिला, तर पाठीवर घेऊन फिरणार आहात का जन्मभर?"

"फिरीन की."

"गप बसा!" खाटेवरून मामी खेकसल्या. "मला माझ्या पायानं चालायचंय."

सिस्टरांनी कपाळावर हात मारला. वजन हातात धरून त्यांनी स्टूल पायानं भिंतीकडे ढकललं, वजन अलगद मोकळं सोडलं आणि मामींना पायाची बोटं हलवायला लावली. बोटं हलली.

संध्याकाळी सहाच्या फेरीला वजन हवेत लटकत होतं आणि मामी दात आवळून कण्हत होत्या. भिंतीपाशी त्याच स्टुलावर केरबामामा बसले होते, दोन्ही पंजे स्वतःच्या मांड्यांखाली दाबून. डोळे वजनावर.

एक्स-रे उद्या सकाळी दहाला आहे.