तीन पट्ट्या

"साहेब म्हणाले, उद्यापास्नं नव्या पोरींना तू शिकव. मी न्हाईच म्हणणार हाय," रांजणगावच्या कंपनीतून घरी आलेली रंभा म्हणाली. नोकरीला लागताना तिनं 'सातवी पास' सांगितलं होतं, पण शाळेची तर ती पायरीही चढलेली नव्हती.

"मग वाचता येत न्हाई तर चार वर्षं काम कसं केलंस?" बारावीतल्या लेकीनं, सीमानं बायोलॉजीच्या पुस्तकातून मान वर काढली.

"कार्डावर रंगाच्या पट्ट्या असत्यात. तीन पट्ट्या बघायच्या, तसल्याच पट्ट्यांचा पार्ट उचलायचा, आदल्याला जोडायचा. म्होरल्या तीन बघायच्या. तिन्ही काळ्या आल्या की थांबायचं, माल तयार."

सीमा ताडकन उठली. "आई, हेच तर सकाळधरनं पाठ करतीय मी! आपल्या पेशीत रायबोझोम असतो, बारीकसा कारागीर. संदेशाची पट्टी येते. तो तीन खुणा बघतो, जुळणारा तुकडा घेतो, आदल्याला जोडतो. थांबायची खूण आली की प्रोटीन तयार! आपलं रक्त, केस, नखं, सगळ्यात त्याचंच काम. आन् त्याला अक्षर वाचता येत न्हाई!"

"आपल्यातल्यालाच येत न्हाई न्हवं?"

"सगळ्यांच्यातल्याला न्हाई!"

"गावच्या पाटलाच्या अंगातल्याला बी?"

"त्याला बी न्हाई! साहेबाच्यातल्याला बी न्हाई!"

रंभा खदाखदा हसली. मग उठून तिनं पेटीतली ठेवणीतली साडी काढली.

"उद्या शिकवतेच मी. त्या रायबोझोमला कुणी सातवीचा दाखला मागितला का?"