पुठ्ठ्याची पट्टी

मांजर कुठे पडलं, एवढंच बाईंनी विचारलं होतं. उतारा दहा ओळींचा. मुलीने तो एका दमात, कुठेही न अडखळता वाचला होता. आता ती पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी होती.

वाचनात मागे पडलेल्यांच्या जादा तासाला आज ती एकटीच आली होती. ओठ हलवत वाचते म्हणून वर्गाने तिचं नाव पुटपुटी ठेवलं होतं.

"अगं, आत्ताच तर वाचलंस."

"वाचलं, बाई. पण भीती वाटली ना, की अक्षरं नुसती पुढे पळतात. आत काही येतच नाही."

असले बहाणे बाईंनी वीस वर्षं ऐकले होते. लक्ष नसतं, दुसरं काय. त्यांनी तिला पुठ्ठ्याची पट्टी दिली आणि मागच्या बाकावर धाडलं. खालचं सगळं झाकायचं, एकच ओळ उघडी ठेवायची. ती कळली की मगच पुढची.

मग त्यांनी पर्समधलं पाकीट काढलं. मधल्या सुट्टीत नवरा ते फाटकाशी देऊन गेला होता, चिकटवलेलं तसंच. त्यांच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता, त्याचा अहवाल. तूच बघ, एवढं म्हणून तो मान फिरवून चालता झाला होता.

बाईंनी कागद उलगडला. नाव बरोबर होतं, वयही. पुढचं त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. गाठ साधी आहे की नाही, एवढंच हवं होतं, आणि तेवढंच हाती लागेना. तिसऱ्यांदा वाचताना त्यांच्या लक्षात आलं, आपले ओठ हलताहेत.

"मांजर आधी कठड्यावर होतं, बाई. विहिरीत नंतर पडलं."

पुटपुटी टेबलाशी येऊन कधी उभी राहिली, त्यांना कळलंच नव्हतं. शाबास म्हणायला हवं होतं. त्या पुन्हा कागदाच्या पहिल्या ओळीकडे वळल्या.

मुलीने बाईंच्या ओठांकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं. कागद टेबलावर सपाट केला आणि आपली पट्टी त्यावर आडवी ठेवली. वर फक्त बाईंचं नाव उरलं.

"एवढं कळलं की मगच पुढची," ती हळूच म्हणाली. पट्टी तिने दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.