नेलपॉलिशची रेघ

"घोरणं म्हणजे झोप नव्हे," डॉक्टर फरनूश म्हणाल्या. त्यांनी गालिच्यावर आडव्या पडलेल्या रबरी माणसाची हनुवटी वर उचलली. "अफू असो, हेरॉइन असो, ते सोडवायला देतात ते मेथाडोन असो. हाक मारून उठत नसेल आणि घरघर घोरत असेल, तर श्वास अडतोय. नखं बघा. निळी दिसली की तोंडानं श्वास द्यायचा आणि मांडीत ही उताऱ्याची सुई टोचायची."

दक्षिण तेहरानमधल्या त्या महिला निवाऱ्यातल्या सहा मदतनीस बायका भोवती बसल्या होत्या. तूबानं रबरी ओठ स्पिरिटनं पुसले.

"माझ्या नवऱ्याच्या तोंडापेक्षा बरं आहे," ती म्हणाली.

सगळ्या हसल्या. निवाऱ्याचा स्वयंपाक बघणारी इस्मतही हसली, गालात साखरेचा खडा धरून चहा पिता पिता.

"आणि सगळ्यात जास्त कोण मरतं? व्यसन सोडवायच्या छावणीतून नुकता सुटलेला. तीन महिने काही घेतलेलं नसतं, अंगाची सवय मोडलेली असते. घरी येतो आणि जुनी मात्रा घेतो."

इस्मतनं चहाचा पेला खाली ठेवला.

"डॉक्टरनंच लिहून दिलेली असली तर?"

"तरीही, इस्मत खानम. तेव्हा झेपत होती, ती आता झेपत नाही."

"आमचा जलील आज सकाळी सुटला." ती एकेक शब्द सावकाश बोलत होती. "बाहेर कुणाकडून घेऊ नये म्हणून त्याची मेथाडोनची बाटली मी फ्रिजमध्ये ठेवली. जास्त पिऊ नये म्हणून नेलपॉलिशनं रेघ मारली. पूर्वीच्याच मापाची."

डॉक्टरांनी उठून कपाट उघडलं, खऱ्या सुया काढल्या. "घर कुठं?"

"वरामीन."

म्हणजे तासाभराचा रस्ता.

"तूबा, ॲम्ब्युलन्सला फोन कर. इस्मत खानम, चला, गाडी काढते. जलीलला लावा."

जलीलनं उचलला नाही. इस्मतनं शेजारच्या बतूलला लावला. दोघींचं अंगण एकच.

"अगं, आला की तुझा पोरगा!" बतूल खुशीत होती. "मी नान-पनीर दिलं तर दोनच घास खाल्ले. 'आईनं माझं औषध ठेवलंय,' म्हणाला, घेतलं आणि आडवा झाला. मी पोरांना दम दिला, आवाज करू नका म्हणून. मेला घोरतोय कसा, अंगणात ऐकू येतंय!"

"बतूल, आत जा. त्याला हलव, हाक मार. नखांचा रंग सांग मला."

"नखांचा?"

"जा गं!"

फरशीवर चपला वाजल्या. दार करकरलं. फोनमधलं घोरणं जवळ येत गेलं आणि मधेच थांबलं.

"हे बघ," बतूल कुजबुजली, "आत्ता कुठं शांत झोपलाय."