सातवा नियम

"नियम सातवा," चिटणिसाने वाचलं, "सभासदाच्या घरातल्या कुणालाही भांडारात नोकरी मिळणार नाही." त्याने चष्मा काढला. "आज एवढं एक वाक्य खोडायचंय. कमिटीतल्या अकराही जणांचे हात वर हवेत."

नियम कमिटीतल्याच फिटरकाकांचा. अकरा कामगारांनी त्यांच्या पुढच्या खोलीत साखरेचं एक पोतं फोडून सहकारी भांडार सुरू केलं, त्याच दिवशी त्यांनी तो हट्टाने लिहून घेतला होता. आधीचं भांडार मेव्हण्या-भाच्यांनी खाऊन टाकलेलं त्यांनी पाहिलं होतं. आता सहा शाखा होत्या, सरकता जिना होता, आणि त्या जिन्यावर पाय ठेवायला काका घाबरत.

मुलगा जाऊन वर्ष होत आलं होतं. मागे सून आणि दोन नातवंडं. काकांच्या पेन्शनीत चार तोंडांचं भागत नव्हतं. भांडारातल्या नोकरीच्या आशेने सून खाली काउंटरपाशी थांबली होती.

"काका, तोंड का पाडलंय?" चिटणीस म्हणाला. "कुणी विरोधात नाही. माझ्या भावाला याच नियमावर तुम्ही परत पाठवलंत, तेव्हा वर्षभर मी तुमच्याशी बोललो नव्हतो. तो गाव सोडून गेला तो गेलाच. आई त्याची वाट बघत गेली. पण म्हणून मी आडवा येणार नाही." आणि त्याने सगळ्यांत आधी हात वर केला.

मनात काही न ठेवता बोलला तो. तेच काकांना सोसलं नाही. त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दहा हात वर झाले. घरात दोन पोरं आहेत, असं काकांनी स्वतःला तीनदा बजावलं. लाज वाटत होती, आणि ऐनवेळी लाज वाटतेय याचा रागही येत होता. उजव्या हातावर डावा ठेवून ते बसून राहिले.

"काका?"

"नियम आहे तसा असू द्या."

ते खाली आले. काउंटरवरच्या बायकांनी सुनेला हौसेने भांडाराचा निळा ॲप्रन चढवला होता. वर्षभरात पहिल्यांदाच ती हसत होती.

"बाबा, झालं?"

"नाही झालं."

"कितीजण होते आपल्या बाजूने?"

"एक सोडून सगळे."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. तो एक कोण, हे विचारलं नाही. ॲप्रन काढला, नीट घडी घालून काउंटरवर ठेवला आणि बाहेर पडली.

कुठेही निघालं की रस्त्यापाशी ती त्यांचा हात धरायची. आज ती एकटीच पलीकडे गेली.