वापर शून्य

"खुर्च्या गुबगुबीत आणल्या नि कपाटच उचललं. बसून करायचं काय मग?"

खतिजाचाची विमलामॅडमच्या टेबलाशी उभ्या राहून स्वतःशीच पुटपुटल्या, पण विद्यापीठाच्या त्या शांत ग्रंथालयात ते सगळ्यांना ऐकू गेलं.

चाची दर शुक्रवारी यायच्या. त्यांच्या नवऱ्यानं, मजीदभाईंनी, जहाजावरच्या नोकरीत जमवलेली पुस्तकं वारण्याआधी इथं दिली होती. समुद्राची, वाऱ्यांची, बंदरांची. समासात त्यांच्या पेन्सिलीच्या नोंदी. 'हे चूक. वारा आधी फिरतो.' कुठं नुसतंच, 'खतिजाला सांगणे.' चाची एक पुस्तक घेऊन खिडकीशी बसायच्या, छापलेलं सोडून समास तेवढा वाचायच्या आणि पुस्तक जागच्या जागी ठेवून जायच्या.

आज कपाटाच्या जागी माणसाएवढा स्क्रीन उभा होता.

"बाइंडिंगला गेलीत," काउंटरवरचा संदेश म्हणाला.

"सगळीच?"

संदेशनं मॅडमकडे बघितलं. ग्रंथपाल त्या. त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

"त्याचं असं झालं, चाची. आता आपल्याकडे एआय आलंय. कुठलं पुस्तक ठेवायचं, कुठलं काढायचं, ते तेच ठरवतं. वर्षानुवर्षं जी कुणी घरी नेली नाहीत, ती त्यानं काढली. तुमच्या पुस्तकांपुढे 'वापर शून्य' आलं."

"शून्य कसं? मी येते ना."

"तुम्ही इथं बसून वाचता. त्याची नोंद नसते."

नोंद करायची असते, हे संदेशला माहीत होतं आणि मॅडमनासुद्धा.

"मग आता कुठं हायत?"

"कारखान्यात," संदेश खाली बघून म्हणाला. "लगदा झाला असेल."

चाची खिडकीशेजारच्या आपल्या जागेकडे बघत राहिल्या. ते सहन न होऊन संदेश लगबगीनं स्क्रीनकडे गेला. "पण पुस्तक इथं दिसतं, चाची. नवी आवृत्ती. हे बघा."

पान उजळलं. चाचींनी समासावर बोट ठेवलं, तसं पान आपोआप उलटलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा उलटलं. सगळे समास कोरे.

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या आणि पदराला बोट पुसलं. "म्हणजे कार्ड काढून एकदा जरी घरी नेली असती, तर राहिली असती."

मॅडमनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

"ह्यांनी सांगितलेलं, दिलेली वस्तू घरात परत आणू नको. म्हणून नाय नेली. माझंच चुकलं." त्यांनी स्क्रीनच्या कडेवर हलकेच थोपटलं. "ह्या बिचाऱ्याला काय ठाऊक, मी येते ते."

संदेशनं मान हलवली, जवळजवळ होकारार्थी. विमलामॅडमना सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याचीच इतकी लाज वाटली की त्या खुर्चीतून उठल्या. चाची दारापर्यंत पोचल्या होत्या.

"चाची, थांबा."

"मॅडम, असू दे ना," संदेश पुटपुटला.

"एआयनं नुसतं विचारलं होतं. यादी दाखवून, ही काढू का, म्हणून." मॅडम चाचींसमोर येऊन उभ्या राहिल्या. "मला स्क्रीनसाठी जागा हवी होती. यादी न वाचताच मी हो म्हटलं."