तिरळी रायफल

"खोत, नेम डुकरावर नको. त्याच्या डावीकडे दोन हात धरा," धाकट्या खोतांना महिनाभर नेमबाजी शिकवून थकलेला रावजी घाडी कुजबुजला.

रायफल आजोबांची. ते ठार तिरळे होते, म्हणून नळीवरची नेम धरायची माशी त्यांनी लोहाराकडून आपल्या नजरेपुरती वाकवून घेतली आणि चाळीस डुकरं लोळवली. त्यांच्या सरळ डोळ्यांच्या मुलाने त्याच रायफलीने जन्मभर वारुळं फोडली. पण 'तिरळा' हा शब्द त्या घरात कोणी काढत नसे; तसबिरीतले डोळेसुद्धा चिताऱ्याकडून सरळ करून घेतलेले.

शिमग्याच्या पारधीत पहिली गोळी खोतांची; तीन वर्षांपूर्वीपर्यंत ती आजोबाच झाडत. ती सलग तीन वर्षं हुकली, की मान दुसऱ्या मानकऱ्यांच्या, गावकरांच्या घरी जाणार. आणि हे तिसरं वर्ष होतं.

"डावीकडे का म्हणून?"

"थोरले खोत तिरळे होते म्हणून."

"जीभ आवर, घाडी! आमच्या घराण्यात सगळे सरळच बघतात."

"मग बघा सरळ," म्हणत रावजीने कानांत बोटं घातली.

गोळी सुटली. डुक्कर शेपटी उडवत निघून गेलं आणि उजवीकडच्या झाडावरून एक कोवळा फणस धपकन खाली पडला.

आता रीत म्हणजे रीत. पहिल्या गोळीची शिकार वाजतगाजत देवळापुढे न्यायची, गावात वाटायची आणि मुंडी मारणाऱ्याला द्यायची. रावजीने फणस काठीला उलटा टांगला, पुढे ढोल लावला, देवळापुढे नीट वाटे घातले आणि देठाकडचा तुकडा दोन्ही हातांनी खोतांपुढे धरला.

"घ्या खोत. मुंडीचा मान तुमचा."